हाई गानं नई शे

चैत्र निम्मा सरला की आमच्या गल्लीत आंबूस वास सुटतो. भिजवून, आंबवून, वाळवून दळलेल्या ज्वारीचा. नव्याने राहायला आलेली माणसं नाकाला रुमाल लावतात, गटार तुंबलंय का म्हणून विचारतात. जळगावात जन्म काढलेल्याला विचारावं लागत नाही. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, सुरू झाले, एवढंच. ऊन चढायच्या आत गच्च्यांवर बाजा, म्हणजे खाटा, जातात, बाजांवर जुनी धोतरं ओली करून पसरतात, आणि लसूण-मिरची-तीळ घातलेल्या शिजल्या पिठाचे गोळे बायका त्यावर थापत सुटतात. थप, थप, आणि मध्ये हात पाण्यात बुडवल्याचा बारीक आवाज.

या दिवसांत मी खिडकी लावून घेतो. बायकोला वाटतं उन्हासाठी.

मी पूर्वी फ्लेक्स छापायचो. वाढदिवस, श्रद्धांजली, दुकानाचं उद्घाटन, सगळं एकाच मापात. मग लोक मान वर करून बघेनासे झाले. सगळ्यांच्या माना फोनमध्ये खाली गेल्या, तसा मीही खाली उतरलो. आता एका साडीवाल्याचं, एका केळीच्या व्यापाऱ्याचं आणि एका डाळ मिलच्या शेठजींचं सोशल मीडिया मी सांभाळतो. शेठजी मारवाडी, बोलायला तिखट. पहिल्या महिन्याचा हिशेब दाखवला तेव्हा म्हणाले, "नाना, लाईक से दाल नहीं गलती." मी हसलो. पण त्यांनाही मी माझी ठरलेली वाक्यं ऐकवली. लोक वस्तू घेत नाहीत, वस्तूमागचं माणूस घेतात. चेहरा दाखवा, हात दाखवा. रोज टाका, ठरल्या वेळी टाका, खंड पडला की माणसं विसरतात. आणि आवाज. आवाज असा हवा की सरकता अंगठा जागीच थांबला पाहिजे.

ही वाक्यं खोटी नाहीत. खोटी असती तर बरं झालं असतं.

अक्का माझी थोरली बहीण. आमचं गाव पिंपळनेरच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. मी जळगावात येऊन बोलण्याने शुद्ध झालो, ती लग्न होऊन धुळ्यात आली तरी अहिराणीच राहिली. भावजी लवकर गेले. देवपुरात दोन खोल्या, वर मोकळी गच्ची आणि एक मुलगी, कल्पना. आमची कल्पी. अक्का उन्हाळाभर लोकांना बिबडे करून द्यायची आणि त्यावर घर चालायचं. मापात असायचं सगळं. गल्ली ओळखायची, गल्लीच्या पाहुण्यांना कळायचं, ते नाशिक-पुण्याला पिशव्या भरून न्यायचे. ब्रँड म्हणायचा तर तो एवढाच होता, आणि पुरत होता.

कल्पी लहान होती तेव्हाची एक सकाळ माझ्या डोळ्यांपुढे कायम येते. मोठ्या पातेल्यात पीठ शिजतंय, अक्का दोन्ही हातांनी लाकडी दांडा फिरवतेय, आणि कल्पी वाटी घेऊन पातेल्याशी उकिडवी बसलीय. त्या शिजल्या पिठाला आम्ही घाटा म्हणतो. गरम घाटा, वरून कच्चं तेल. वाळलेल्या बिबड्यापेक्षा पोरांचा जीव त्या घाट्यात. अक्का म्हणायची, "आते थांब वं, चटका बसी." कल्पी थांबायची नाही, चटका बसायचा, आणि ती जीभ बाहेर काढून माझ्याकडे बघत हसायची. वाटी पुन्हा पुढे.

मोठी झाली, लग्न होऊन फैजपूरला केळीवाल्या घरात गेली. तिकडची बोली वेगळी. सासरी तिच्या 'शे'ला, म्हणजे 'आहे'ला, हसायचे. 'शे-शे करते' म्हणायचे, प्रेमानेच. उन्हाळ्यात माहेरी आली की मात्र ती हट्टाने अहिराणी बोलायची. अशाच एका उन्हाळ्यात तिने गच्चीवर बसून फोनवर पान उघडलं. नाव दिलं 'अक्काचे बिबडे'. पहिला फोटो थोडा तिरका होता, अक्काचे दोन हात आणि खाली ओलं धोतर. त्याखाली तिने लिहिलं होतं, 'मनी मायना बिबडा'.

मी मामा, त्यातून जाणकार. मी ते पुसून 'आईच्या हातचे पारंपरिक बिबडे' असं केलं. लोकांना कळलं पाहिजे म्हणालो. पुढेही तिने काही लिहिलं की मी सरळ करायचो. एकदा ती म्हणाली, "मामा, तुम्ही तर बठ्ठं इस्त्री करून टाकलं." बठ्ठं म्हणजे सगळं.

त्या वर्षी माघात तिला कावीळ झाली. अंगावर काढली, मग उशीर झाला. फैजपूरला आम्ही पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसलेली होती. अक्का गाडीतून उतरली आणि तिथेच खाली बसली. आमच्याकडे बायका रडतात त्या नुसत्या रडत नाहीत. गळ्यात पडून, हेल काढून, शब्द जोडत रडतात. गेलेल्या माणसाशी बोलतात, त्याला रागावतात, त्याची कामं सांगतात. ते कुणी शिकवत नाही आणि पाठही करत नाही. त्या वेळी जे आलं ते आलं. फैजपूरच्या अंगणात सगळ्या बायका तशा रडल्या. अक्का रडली नाही. तिच्या तोंडातून शब्दच आला नाही. "बाईला रडवा, नाहीतर आत गोठेल," असं तिथली एक म्हातारी म्हणत होती. तरीही नाही.

पानाचा पासवर्ड माझ्याकडे होता. होळी झाली तशी विचारणा सुरू झाली. 'यंदा बिबडे कधी?' 'मागच्या वर्षी उशीर झाला, या वेळी आधी नाव लावा.' त्या लोकांना काय माहीत. मी माझ्या फ्लेक्सच्या दुकानात बसलो होतो, हातात फोन होता, आणि मी लिहिलं, 'लवकरच.'

या एका शब्दापाशी मी पुष्कळदा येऊन थांबतो. 'घरात दुःख आहे' असंही लिहिता आलं असतं. मला खंडाची भीती वाटली. खंड पडला की माणसं विसरतात, हे मीच सगळ्यांना शिकवत होतो.

आमच्याकडे दुःखाच्या वर्षी घरात वाळवण घालत नाहीत. ना पापड, ना कुरडई, ना बिबडे. ज्या घरातून माणूस गेलं त्या घराची बाज त्या उन्हाळ्यात उन्हात जात नाही. मग वर्षभर खायचं काय, तर शेजारपाजार आणि भाऊबंद आपापल्यातलं थोडं थोडं आणून देतात. पदराखाली ताट झाकून आणतात, ठेवतात, फार बोलत नाहीत. असं ते घर वर्षभर दहा घरांच्या हातचं खातं. मला वाटतं रीत बिबड्यांसाठी नसावीच. एकटीला सोडायचं नाही, दारात कुणीतरी येत राहायचं, यासाठी असावी. हे आता वाटतं.

तेव्हा मी धुळ्याला गेलो आणि अक्काला म्हणालो, "अक्का, हे घरासाठी नाही ना. हा धंदा आहे. धंद्याला सुतक नसतं."

ती सुपातले तांदूळ निवडत होती.

मग मी जे वाक्य बोललो ते बसमध्ये ठरवून आणलं होतं. म्हणालो, "कल्पीनं सुरू केलेलं पान आहे. बंद पडू द्यायचं का?"

अक्काने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू सांगस तं करू." उठून तिने कोठीतली ज्वारी काढली.

बिबडे घातले त्या दिवशी मी गच्चीवरच होतो. सकाळचं तिरकं ऊन, ओल्या धोतरावर बिबड्यांच्या रांगा, फोनला हवं तसं सगळं. तेवढ्यात जिन्याने लीलाबाई वर आली. शेजारची, अक्काहून थोडी मोठी. पदराखाली ताट होतं. तिने गच्ची पाहिली, अक्काचे पिठाने माखलेले हात पाहिले, मला पाहिलं.

"आम्ही देनार व्हतूत ना वं अक्का," ती म्हणाली.

अक्काने मान वर केली नाही. मीच पुढे होऊन म्हणालो, "ऑर्डर होती मावशी. ठेवा ना, ताट ठेवा."

"भरेल घरमा कशाला ठेवू?" लीलाबाई म्हणाली, आणि ताट तसंच झाकून परत घेऊन गेली. त्या वर्षी अक्काकडे दुसरं ताट आलं नाही. गल्लीने वाईट वागवलं असं नाही. गच्ची भरलेली दिसत होती, म्हणून कुणी आलं नाही.

लीलाबाई गेल्यावर अक्का थापत राहिली. थप, थप. मी जिन्याच्या तोंडाशी फोन धरून बसलो होतो, नुसते हात घ्यायचे म्हणून. आणि थापण्याच्या त्या ठेक्यावर अक्काच्या घशातून काहीतरी निघालं. आधी मला वाटलं गुणगुणतेय. मग शब्द लागले.

'खाटवर ऊन उनं वं बाय, तू काबर नई उनी. घाटा थंडा व्हयना वं बाय, वाटी कोनाले भरू.'

खाटेवर ऊन आलं, तू का आली नाहीस, असं ती विचारत होती. फैजपूरला जे निघालं नव्हतं ते निघत होतं. हात थांबले नाहीत. गोळा, थाप, पाणी, गोळा, थाप. ती पुढे पुष्कळ बोलली. भावजींना काही सांगितलं, मला काही सांगितलं, नाव घेऊन. कल्पीला नावाने हाका मारल्या, 'कल्पी, मनी आंडेर' म्हणून. आंडेर म्हणजे लेक. मी फोन खाली ठेवला नाही.

मी खोटं सांगू शकतो की मला गाणं वाटलं. पुढे विचारणाऱ्या सगळ्यांना मी तेच सांगितलं. पण मी त्या गावचा आहे. आई गेली तेव्हा अशाच आवाजांत बसलेलो आहे. मला शब्द न् शब्द कळत होता. माझ्या अंगावर काटा आला होता. आणि त्या काट्याबरोबरच, त्याच क्षणी, मनात आलं होतं की इथे अंगठा थांबेल.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी ते कापलं. फार लांब होतं. पारोळा यायच्या आत भावजींचं आणि माझं बोलणं काढलं. मग नावाच्या हाका काढल्या. नाव राहिलं तर लोक विचारतील, ही कल्पी कोण. ऊन, खाट, घाटा, वाटी एवढं ठेवलं. ते कसं गोड लागत होतं. एरंडोलला गाडी थांबली तेव्हा वर अक्षरं टाकली, 'बिबडे थापताना खान्देशातली पारंपरिक ओवी'. आणि जी बोली मी आयुष्यभर इस्त्री करत आलो तिच्यासाठी खाली लिहिलं, 'अस्सल शे!' जळगावला उतरायच्या आत ते जगात गेलं होतं.

सकाळी फोन गरम झाला होता. 'आजीच्या आवाजात मातीचा गंध.' 'डोळे भरून आले, का ते माहीत नाही.' 'हा आवाज मिळेल का?' आवाज मिळत होताच. कुणीही तो उचलून आपल्या व्हिडिओखाली लावू शकतं, तसं मीच ठेवलं होतं, त्यानेच प्रसार होतो. लोकांनी तो लोणच्याखाली लावला, गाईच्या वासराखाली लावला, नव्या जोडप्याच्या शेतातल्या फोटोंखाली लावला. मी प्रत्येकाला हात जोडल्याचं चित्र पाठवत होतो.

त्यात एक कमेंट आली. फोटो नव्हता, नाव धड कळत नव्हतं. कुणीतरी तिकडचंच असणार, साक्रीकडचं. लिहिलं होतं, 'हाई गानं नई शे भाऊ. हाई रडनं शे. बंद कर.'

ती मी पुसली. त्याच माणसाने पुन्हा लिहिली. मी पुन्हा पुसली आणि त्या माणसाची वाट बंद केली. एवढ्या हजारो माणसांत ऐकणारं एकच होतं.

त्या रीलने ब्रँड वाढला, पण तो अक्काचा नाही. तिच्या हातांना जेवढे बिबडे जमत होते तेवढेच जमत राहिले. वाढलो मी. साडीवाला त्यानंतर आला, केळीवाला त्यानंतर. 'तो आजीचा आवाज तुम्हीच केला ना' म्हणत आले. मी हो म्हणायचो. तुम्हीच केला ना.

अक्काकडे बटणांचा फोन. तिला काही कळायचं कारण नव्हतं. कळलं ते पुढच्या लग्नसराईत, लीलाबाईच्या नातीच्या हळदीत. अक्का मागे बायकांत बसून लसूण सोलत होती. डीजेवाल्याने लावलं. कुणीतरी तोवर त्या आवाजाखाली ढोल बसवला होता, ठेका दुप्पट केला होता, 'नई उनी, नई उनी' एवढंच पुन्हा पुन्हा फिरत होतं. पोरींना ते पाठ होतं. त्या पिवळ्या हातांनी वर्तुळ करून नाचल्या. लीलाबाईने मला हे नंतर सांगितलं. म्हणाली, अक्का उठली, ओच्यातला लसूण तिने सुपात ठेवला, आणि घरी गेली. जेवायला थांबली नाही.

मी गेलो तेव्हा तिने एवढंच विचारलं, "तो मना आवाज व्हता का?"

मी म्हणालो, "हो."

"तठे पोरी नाचत व्हत्यात, नाना."

मी वाट पाहत होतो की ती शिवी देईल. लहानपणी तिने मला काठीने मारलेलं आहे. ती उठून चहा करायला गेली. बिबडे त्यानंतर तिने केले नाहीत. मी पानावरून ते काढून टाकलं. पण माझ्याकडचं होतं तेवढंच गेलं. लोकांनी उतरवून घेतलेलं, ढोलासकट, फिरतच राहिलं. अजून फिरतं.

यंदा असोद्याला बचत गटाच्या बायकांपुढे बोलायला मला बोलावलं होतं. विषय माझा नेहमीचा, आपला माल सोशल मीडियावर कसा न्यायचा. केळीचे वेफर्स, पापड, मसाले करणाऱ्या बायका. मन लावून ऐकत होत्या. चेहरा दाखवा म्हटलं तर एकमेकींना कोपर मारून हसत होत्या. "सर, आमच्या तोंडाकडे पाहून हायेत ते गिऱ्हाईक पळतील," एकजण म्हणाली. मग पुढे बसलेली एक तरुण बाई फोन घेऊन उठली. "आवाज कोणता लावू सर? हा चालेल का? सगळे हाच लावतात," म्हणत तिने फोन माझ्या कानाशी धरला. ढोल. आणि ढोलाखाली, फार खाली, थप थप.

मी म्हणालो, "चालेल."

दुसरं काही म्हणायला हवं होतं. त्या खोलीत पन्नासेक बायका असतील, त्यांच्यापुढे सांगायची ती वेळ होती. मी म्हणालो, चालेल.

त्यानंतर थोड्या दिवसांनी अक्काचा फोन आला. ती आपणहून फोन करत नाही. "येस का?" म्हणाली. गेलो. देवपुरातल्या गच्च्यांवर सगळीकडे बाजा होत्या. अक्काच्या गच्चीवरही बाज टाकलेली होती, नुसती, धोतर नाही, काही नाही. ती बाजेशेजारी, जिन्याच्या सावलीला बसली होती.

"रडाले नई येस, नाना," ती म्हणाली. रडायला येत नाही, ही तक्रार नव्हती, गुडघा दुखतो म्हणावं तसं. "कल्पीनी याद येस. तोंड उघडस तं तो ढोलच वाजस."

मी बाजेची सैल दोरी ओढून बसवू लागलो.

"त्या दिवशी मी काय काय बोलनू ते मालेच याद नई. एकदाच उनं ते. ढोल नई असं तुनाकडे व्हई ना? पुरं? कल्पीनं नाव शे ते?"

माझ्याकडे नाही. रील चढली त्याच आठवड्यात फोन भरला होता आणि मी जागा केली होती. मोठ्या फाइली आधी उडवतात, तशी ती उडवली. कामाचा तुकडा वर गेला होता, बाकी कशाला ठेवायचं. त्यातच तिने मला नावाने काही सांगितलं होतं. काय सांगितलं, तेही मला आता आठवत नाही.

हे तिला तिथेच सांगायचं होतं. मी खिशातून फोन काढला. अक्काने पदराने हात पुसले, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि ऐकायला सरकून बसली. मी अंगठा फिरवू लागलो. साड्या, डाळ, केळीचे घड, उद्घाटनं. अंगठा कुठेच थांबायचं कारण नव्हतं. ती माझ्या अंगठ्याकडे बघत होती.

"सावकाश शोध," ती म्हणाली. "व्हई तठेच."

ऊन बाजेवरून भिंतीवर चढेपर्यंत मी शोधत राहिलो. मग म्हणालो, घरच्या कॉम्प्युटरवर असेल.

ती वाचत नाही, म्हणून हे इथे लिहिता आलं. तिच्यापुढे अजून जमलेलं नाही, जमेल असंही वाटत नाही. आता ती दर थोड्या दिवसांनी फोन करते. खिडकी लावलेली असली तरी वास आत येतोच, आणि फोनच्या पलीकडून तिच्या गल्लीतली थप थप ऐकू येते. ती एवढंच विचारते, "सापडनं का?"

मी म्हणतो, "शोधतोय, अक्का."